दहा आकड्यांची फुंकर

आक्काने बासष्टाव्या वर्षी लग्न केलं, त्या वर्षीची ही गोष्ट. आजारी आई आणि दोन भाऊ यांचं करता करता तिचं लग्न राहून गेलं होतं, आणि आता ते राहिलंच असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. तिने मात्र धरलं नव्हतं. नवरा मिळाला तो एका सरकारी इमारतीचा रखवालदार, साठीचा, विधुर, दिवसातून मोजून वीस शब्द बोलणारा. नोंदणी कचेरीत कारकुनाने विचारलं, "मुलीकडचं कोण आलंय?" तेव्हा आक्काने मागे वळून चाकाच्या खुर्चीत बसवून आणलेल्या धाकट्या भावाकडे, फिटरकडे, बोट केलं. "हा आलाय. मुलगी स्वभावाने कशी आहे ते ह्यालाच विचारा, लहानपणी माझा मार ह्यानेच खाल्लाय." कारकून हसला, नवरदेव हसला, आणि फिटरला हसू आवरेना. एकोणीस दिवसांपूर्वी डॉक्टरांनी त्याच्या डाव्या फुप्फुसाचा खालचा निम्मा भाग कापून काढला होता. टाके अजून ओले होते. हसलं की बरगड्यांखाली पाना पिळल्यासारखं व्हायचं, आणि ते तसं होतंय ह्याचंच त्याला पुन्हा हसू यायचं. "पुरे गं, मरेन मी," तो म्हणाला. "आधी साक्षीदाराची सही कर," आक्का म्हणाली, "मग मर."

त्या लग्नाला सात महिने झाले असतील. एका बुधवारी सकाळी सव्वाअकराला, त्याच सरकारी इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत, इंजिनीअर बाईंनी संगणकाच्या पडद्यावर चढणाऱ्या रेघेकडे बोट दाखवून म्हटलं, "काका, ही टेकडी बघा. आज पण आली," आणि फिटरने मान वर करून पाहिलं. आतापर्यंत ती टेकडी त्याने चारदा पाहिली होती आणि चारही वेळा बाईंच्या बरोबरीने डोकं खाजवलं होतं. पण आज त्याच क्षणी बाहेर जिन्यात कुणीतरी कुणालातरी हाक मारली, बुटांचे आवाज खडखडत वर गेले, आणि ती टेकडी कशाची ते त्याला कळलं. कळलं म्हणजे आधी हाताला कळलं. उजव्या हाताच्या अंगठ्याला एक पितळी अंगठी आठवली, गुळगुळीत, करंगळीच्या नखाएवढी, आणि अंगठा आपोआप तर्जनीवर घासायला लागला. तोंडाने मात्र तो म्हणाला, "च्यायला, आली की."

काम तसं साधं होतं. गच्चीच्या कोपऱ्यात एक खांब, दोन पुरुष उंच. खांबाच्या टोकाला हवा घेणारी टोपी, उलट्या वाटीसारखी, म्हणजे पाणी आत जायला नको. तिच्या आत बारीक जाळी, म्हणजे किडेमाकोडे नकोत. जाळीखाली एक जाड गाळणी. तिथून निघालेली नळी जिन्याच्या कडेने सात मजले उतरून खाली ह्या खोलीत यायची, साठ मीटर, कुठेही झोळ न पडू देता, कारण झोळ पडला की तिथे दव साचतं आणि हवेची वाट अडते. खोलीत आल्यावर पाणी अडवायची काचेची बाटली, मग पांढऱ्या चकतीची बारीक गाळणी, मग ॲनालायझर, आणि सगळ्यात शेवटी हवा ओढणारा पंप. ॲनालायझर म्हणजे एक राखाडी पेटी. ती हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायची: हवेचे दहा लाख कण घेतले तर त्यांत तो किती. शहरावरच्या मोकळ्या हवेत चारशे वीसच्या आसपास असायला हवा होता, आणि पहाटे असायचाही. पण सकाळी दहा वाजले की आकडा चढायला लागायचा, दुपारी चारशे अडतीस-चाळीसला पोचायचा, संध्याकाळी पाचनंतर गुपचूप उतरायचा. रविवारी सपाट. म्हणजे ही पेटी शहराची हवा मोजत नव्हती, कचेरीची वेळ पाळत होती. बाईंनी दोन वेळा गाळण्या बदलल्या. टोपी उपाहारगृहाच्या धुराड्यापासून लांब, दुसऱ्या कोपऱ्यात नेली. दोन दिवस भर उन्हात त्या टोपीखाली वही घेऊन बसल्या, वारा कुठून येतो ते लिहीत. नाकाची साल निघाली. शनिवारी तपासनीस येणार होते. त्यांना सपाट रेघ दिसली तर आणखी नऊ इमारतींवर अशाच टोप्या बसवायचं काम ह्या दोघांना मिळणार होतं. टेकडी दिसली तर दुसऱ्या कुणाला. बाईंचं हे स्वतंत्रपणे केलेलं पहिलंच काम. आणि फिटरचं, मोठ्या साहेबांच्या भाषेत, 'बघू, झेपलं तर' ह्या बोलीवरचं. नाही झेपलं तर भांडार. भांडारात खुर्ची होती, पंखा होता, आणि खोक्यांवरच्या चिठ्ठ्या बघून खोकी ह्या फळीवरून त्या फळीवर ठेवायची होती. पस्तीस वर्षं छपरांवर काढलेल्या माणसाला ते भांडार स्वप्नात यायचं, आणि स्वप्नात त्याला नेहमी दार नसायचं.

"गळती तर नाहीच," बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "एकवीसच्या एकवीस सांधे तुम्ही फुंकलेत."

"फुंकले की," फिटर म्हणाला. मग पाना उचलला. "जरा वर जाऊन येतो."

"वर काय आहे? टोपी परवाच बघितली आपण."

"बघून येतो हो मॅडम. बसून तरी काय उजेड पडतोय?"

लिफ्ट होती, पण नळी जिन्याने गेली होती, आणि नळीच्या माणसाला लिफ्टचं काय कौतुक. तो कठड्याला हात लावून चढायला लागला. पायऱ्या जुन्या दगडाच्या, मधोमध झिजलेल्या, एका मजल्याला बावीस. ऑपरेशनआधी त्याने पायऱ्या कधी मोजल्या नव्हत्या. आता प्रत्येक पायरीची ओळख होती. पहिल्या मजल्यावरची नववी जरा हलायची, दुसऱ्यावरची शेवटची बोटभर उंच होती. बाजूने फायली घेऊन माणसं उतरत होती, दोन बायका कुणाच्यातरी सुनेबद्दल हळू आवाजात आणि फार आनंदाने बोलत होत्या, एकजण जिन्यातच उभा राहून फोनवर "हो, हो, हो" एवढंच म्हणत होता. इतकी माणसं इथे दिवसभर श्वास सोडतात, फिटरच्या मनात आलं, आणि नळी भिंतीला चिकटून मुकाट ऐकत असते. कुठेतरी तिला केसाएवढी फट आहे. पंप खालून ओढतोय, त्यामुळे गळका सांधा हवा बाहेर टाकत नाही, तर आत घेतो. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायची सोय नाही. म्हणून तर फुंकायचं. प्रत्येक सांध्याला तोंड लावल्यासारखं जवळ जायचं आणि दहा आकडे होईपर्यंत संथ फुंकर सोडायची. माणसाच्या श्वासात तो वायू बाहेरच्या हवेच्या शंभरपट; सांधा गळत असेल तर तो श्वास नळीत शिरतो, नळीतून खाली जातो, आणि पडद्यावरची रेघ उडी मारते. कमी फुंकलं तर चालत नाही. बारीक फटीतून आत जाईल इतका वेळ श्वास तिथे उभा राहावा लागतो. दहा म्हणजे दहा. हे त्याला त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं, त्याने पुढे कितीजणांना शिकवलं होतं, आणि एखादा पोरगा सातवर थांबला तर त्याच्या टाळक्यात टपली मारून म्हटलं होतं, "तीन काय घरी नेऊन ठेवणार आहेस?"

दुसऱ्या मजल्यावर तो थांबला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, पण घाबरण्यासारखं काही नव्हतं, हे आता त्याला ओळखता यायचं. दवाखान्यात एक बाई रोज सकाळी यायच्या आणि त्याच्या हातात एक प्लास्टिकचं खेळणं द्यायच्या: तीन उभ्या नळकांड्या, प्रत्येकात एक हलकी गोळी, नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा म्हणजे गोळ्या वर चढतात. पहिल्या दिवशी त्याने ते पाहिलं आणि त्याला इतका आनंद झाला की बाई दचकल्या. "अहो, हे तर आमचंच!" पंपाशेजारी त्याने आयुष्यभर बसवलेल्या काचेच्या नळकांडीत अशीच गोळी असायची, हवा किती वाहतेय ते दाखवणारी, तिच्याकडे बघून त्याने हजार वेळा म्हटलं असेल, हा पंप थकलाय, ह्याची झडप बसलीय, ह्याला अजून दोन वर्षं मरण नाही. आता पंप तो स्वतः होता. पहिली गोळी कशीबशी चढली, दुसरी नुसती थरथरली, तिसरी बसून राहिली सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी. "अजून दोन वर्षं मरण नाही," तो मोठ्याने म्हणाला. बाईंना वाटलं धीर सुटलाय. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्या हाताखाली हसण्याने त्याची पाठ गदगदत होती. आणि त्याच्याही आधी, फार आधी, सहाव्या वर्षी त्याला डांग्या खोकला झाला होता, तेव्हा आक्का रोज संध्याकाळी मेणबत्ती लावून त्याच्यापुढे धरायची. आज एक वीत लांब, जमलं तर उद्या दीड. विझली की आक्का टाळ्या वाजवायची, नाही विझली की म्हणायची, "बारक्या, तुझ्यापेक्षा मेणबत्तीत दम जास्त." तिच्या छातीत मात्र दम केवढा. सुया, दोरे, बटणं विकत दारोदार फिरायची. एका गल्लीच्या तोंडाशी उभी राहून हाक द्यायची आणि चौथ्या गल्लीतली बाई शर्ट हातात घेऊन बटण जुळवायला खाली यायची. त्याला वाटायचं, आवाज म्हणजे आक्काच्या पोटातून निघालेली एक लांबच लांब नळी आहे आणि ती कोपऱ्याकोपऱ्यावरून वळत जाते.

तिसरा मजला. इथला सांधा कागदावर तरी चांगला होता. मग गळका कुठला, अकरावा की बारावा? आता मनात सगळं साफ दिसत होतं, आणि साफ दिसतंय ह्यात एक चमत्कारिक हलकेपण होतं, जुना दात पडायच्या आधी जिभेला वाटतं तसं. वरून खाली फुंकत यायचं म्हणून तो त्या दिवशी लिफ्टने गच्चीवर गेला होता. टोपीखालचे सांधे झाले, सातवा झाला, सहावा झाला. पाचव्यावर त्याने मोजणी जरा भरभर केली. चौथ्यावर आगीच्या पाण्याची लाल पेटी आहे, तिच्या मागून नळी वाकून जाते, सांधा अंधारात, वाकून मान वाकडी करून तोंड आत घालावं लागतं. मान वाकडी केली आणि श्वास तिथेच संपला. फोनवर बाई खालून विचारत होत्या, "काका, सुरू?" तो म्हणाला, "सुरू." एक-दोन-तीन-चार-पाच-सहा-सात-आठ-नऊ-दहा, एका दमात, गाडी चुकेल असं. दहा तर झाले! कुणी म्हणेल का नाही झाले? "झालं," तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "काही नाही. पुढे." कागदावर बरोबरची खूण झाली. खोटं बोललो असं त्याला तेव्हा वाटलंच नव्हतं. त्याला वाटलं होतं, जमलं. घरी जाऊन तो वरणभात खाणाऱ्या पोरासारखा पोटभर जेवला होता आणि बायकोला म्हणाला होता, "एकवीस सांधे फुंकले गं आज," आणि तिने त्याला अजून वाढलं होतं.

चौथ्या मजल्यावर पोचला तेव्हा तो पायरीवरच बसला. लाल पेटी समोर. दोन वाटा होत्या. एक, सांधा गुपचूप उघडायचा, नीट करायचा, उद्या टेकडी नाही, आणि बाईंना सांगायचं की टोपी जरा हलवली. पण कुठला? पाचवाही त्याने भरभर मोजला होता. त्याच्या खालचे? त्याचे दहा कुठे संपले आणि नुसते आकडे कुठे सुरू झाले हे आता त्याचं त्यालाच सांगता येईना. फुंकल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि फुंकायला तर श्वास हवा. दुसरी वाट बावीस गुणिले चार पायऱ्या खाली होती आणि तिच्या शेवटी भांडार होतं. त्याने उठून मान वाकडी करून तोंड आत घातलं आणि खरोखर दहा मोजायचा प्रयत्न केला. चार झाले. पुन्हा. पाच. मग खोकला आला, आणि खोकला जिन्यात घुमला.

"कोण रे ते, पेटीत डोकं घालून?" खालून आवाज आला, आणि आवाजामागून आक्का आली, एका हातात डबा, दुसऱ्या हाताने साडी जरा उचललेली. लग्नानंतर ती इमारतीच्या मागच्या दोन खोल्यांत राहायची, आणि दाजींना गच्चीवर जेवायला आवडतं म्हणून रोज सात मजले चढायची. लिफ्ट तिला आवडत नसे. त्या डबीत कुणाशी बोलताच येत नाही, म्हणायची. "बारक्या? देव हरवला की काय तिकडे?"

"फुंकतोय."

"कशाला? चूल पेटवलीस?"

मग त्याने सांगितलं. पायरीवर बसून, दम घेत, तुटक तुटक, पण सगळं: टेकडी, लाल पेटी, भरभर मोजलेले दहा. सांगताना त्याला वाटत होतं ती आता कळवळेल, पाठीवरून हात फिरवेल, आणि ते सहन होणार नाही. आक्काने डबा पायरीवर ठेवला, कमरेवर हात घेतले, आणि हसायला लागली. इतकी, की वरच्या मजल्यावरून एक माणूस वाकून बघून गेला.

"हसतेस काय!"

"अरे, शाळेत पाढे म्हणताना हेच करायचास! बाराचा पाढा असा पळवायचास की मास्तरांना वाटायचं पाठ आहे." तिने पदराने डोळे पुसले. "सरक. कुठे फुंकायचं ते दाखव."

"तू?"

"मग काय दाजींना बोलावू? त्यांना तोंड उघडायला मुहूर्त लागतो."

त्याने बाईंना फोन लावला. "मॅडम, पडद्याकडे बघा. चौथा मजला. फुंकतोय." फुंकतोय, असंच म्हणाला, कोण ते नाही म्हणाला. आक्काने मान वाकडी केली, गाल फुगवले. "गाल नको," तो म्हणाला, "पोटातून, संथ." "मला शिकवतोस?" म्हणून तिने श्वास भरला आणि सोडला, आणि तो बोटांवर मोजायला लागला, खरे, सावकाश आकडे. सहा, सात. नऊ, दहा. ती थांबेचना. बारा. पंधरा. सतराला तिने तोंड बाहेर काढलं, चेहरा लालबुंद, आणि म्हणाली, "अजून हवाय?"

मग काही नाही. गच्चीवरून श्वास खाली पोचायला पंचेचाळीस सेकंद लागायचे. चौथ्या मजल्यावरून पंचवीसेक. हे आकडे त्याला पाठ होते, पण त्यांच्या आत बसायची वेळ आज आली. आक्का पायरीवर बसून वारा घेत होती, आणि तिचा श्वास तिला सोडून निघाला होता. फटीतून शिरला असेल, तर आता तिसऱ्या मजल्याच्या वळणावर असेल, बायकांच्या गप्पांशेजारून, आता "हो, हो, हो"वाल्याच्या खांद्यामागून. पोटातून निघालेली लांबच लांब नळी. त्याच्या आयुष्यात काही गोष्टी अशाच उशिरा पोचल्या होत्या. आई गेल्याचं रडू दोन वर्षांनी, एका दुकानात, तिच्या मापाची चप्पल दिसल्यावर. आपण वाचलो, ह्याचा आनंद तर कापाकापी होऊन सात महिने झाले तरी त्याच्यापर्यंत नीट पोचला नव्हता. कुठल्यातरी मजल्यावर होता. वीस. बावीस. न आला तर बरं, असंही एका कोपऱ्यात वाटलं. न आला तर सांधा चांगला, तो चांगला, भांडार नाही. चोवीस.

"आला!" फोनमधून बाई इतक्या जोरात ओरडल्या की आक्काही दचकली. "काका, आला! साडेचारशे, पाचशे, अहो सहाशे वीस! चौथा! काका, सापडला! पण त्या दिवशी कसा नाही दिसला? आज काय फुंकलंत हो तुम्ही!"

इथे गप्प बसता आलं असतं. आक्का त्याच्याकडे बघत होती आणि ती काहीच बोलणार नव्हती, हे त्याला तिच्या ओठांवरून कळत होतं. तिने त्याचे पाढे मास्तरांना कधी सांगितले नव्हते. पण त्या पंचवीस सेकंदांत त्याच्या आत काहीतरी खाली पोचलं होतं. "तो माझा नाही मॅडम," फिटर म्हणाला. "माझ्या बहिणीचा आहे. माझा पुरत नाही. त्या दिवशी मी चारच्या वर फुंकलं नाही, आणि दहा सांगितले. इथे नक्की, आणि बाकी किती ठिकाणी ते माझं मलाच माहीत नाही."

फोन बंद झाला. खालून पावलं ऐकू आली, दोन-दोन पायऱ्या चढणारी. बाई वर आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती, आणि रागाने की धापेने ते कळेना, त्यांनी कठडा घट्ट धरला. नाकाची साल अजून निघत होती.

"किती राहिलंय?" त्यांनी विचारलं.

"उजवं आख्खं. डावं निम्मं."

"म्हणजे दीड."

"दीड."

"आणि दीडवर तुम्ही मला दोन दिवस उन्हात बसवलंत! वाऱ्याची दिशा लिहीत बसले मी. वाऱ्याची!" त्यांचा आवाज चिरकला. "सांगायचं ना काका. मी फुंकलं असतं. कुणीही फुंकलं असतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही साहेबांना लिहिलं असतं."

"लिहिणार आहेच."

"लिहा," फिटर म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याला कळलं की भांडाराची भीती वाटत नाहीये. म्हणजे वाटत होती, पण तिला दार होतं. त्याने पाना लावला, लाल पेटीमागे हात घातला, नट सोडवला, आणि ती पितळी अंगठी तळहातावर घेऊन बाईंपुढे धरली. नट आणि नळी ह्यांच्या मध्ये ती बसते आणि आवळली की नळीला घट्ट धरते. एक बाजू निमुळती, एक सपाट. निमुळती बाजू पुढे जायला हवी. ती मागे होती. "हे पण माझंच," तो म्हणाला. "बसवतानाही दम लागला होता. अंधारात उलटी घातली. अंगठ्याला तेव्हाच कळलं होतं, मी ऐकलं नाही." बाईंनी अंगठी उचलून उजेडात पाहिली. आक्काने मान पुढे करून पाहिली. "एवढीशी?" आक्का म्हणाली. "माझ्या लग्नातली सुद्धा ह्याच्याहून मोठी होती." आणि इंजिनीअर बाई, ओठ दाबून धरलेल्या, फसकन हसल्या, आणि मग थांबायचा प्रयत्न करून आणखी हसल्या.

नवी अंगठी सुलटी बसली. त्या दुपारी आक्काने गच्चीपासून तळापर्यंत एकवीसच्या एकवीस सांधे फुंकले, आणि दाजींना त्या दिवशी डबा साडेतीनला मिळाला. पाचव्या मजल्यावरचा एक सांधा जरासा गळत होता, तो आवळला. फिटर प्रत्येक ठिकाणी तिच्या शेजारी उभा राहून मोजत होता आणि ती दहाला थांबली की म्हणत होता, "बस." ती म्हणायची, "वरचे सात राहू दे, बारक्या, तुझ्या नावावर लाव." गुरुवारी टेकडी आली नाही. शुक्रवारी आली नाही.

शनिवारी तपासनीस आले, उंच, कोरडे, खिशाला तीन पेनं लावलेले. सपाट रेघ त्यांनी चष्मा वर करून पाहिली, चष्मा खाली करून पाहिली. काचेच्या नळकांडीतली गोळी आपल्या खुणेवर शांत उभी होती. आठवड्याभराने काढलेली पांढरी चकती बाईंनी दाखवली. राखाडी झाली होती, शहराने तिच्यावर बोटं पुसल्यासारखी. "ठीक," तपासनीस म्हणाले. "आता टोपीपासून इथपर्यंत हवेला लागणारा वेळ. कुणीतरी वर टोपीत फुंका. एकदाच, स्वच्छ." वर आक्का आधीच शिडीवर होती आणि दाजी शिडी धरून. बाईंनी फोनवर सांगितलं, तपासनिसांनी घड्याळ सुरू केलं. फिटर पडद्यासमोर उभा होता. चाळीस, त्रेचाळीस. शेचाळिसाव्या सेकंदाला रेघ उठली, पण एकदा नाही. एक लहान उडी, लगेच दुसरी, मग तिसरी मोठी, मग बारीक बारीक थरथर, आणि पुन्हा एक उंच.

"हे काय?" तपासनीस म्हणाले. "यंत्रात दोष आहे?"

फिटर त्या रेघेकडे बघत राहिला. सात मजले, साठ मीटर, एक जाळी, दोन गाळण्या; धूळ अडली होती, किडे अडले होते, पाणी अडलं होतं. "दोष नाही साहेब," तो म्हणाला. "हसतेय ती."

आणि तोही हसायला लागला. बरगड्यांखाली कुठेही दुखलं नाही. शेवटच्या उडीला हसणं संपवून दीड फुप्फुसात भरेल तेवढी हवा त्याने आत घेतली, आणि ती पुरली. दाजींनी शिडी धरून असं काय म्हटलं होतं, ते आक्काने पुढे कुणालाच सांगितलं नाही; दाजींना विचारावं तर त्यांचे त्या दिवसाचे वीस शब्द संपलेले. तपासनिसांनी कागदावर शेचाळीस सेकंद लिहिलं, थोडं थांबून 'नमुना: हास्य' असं लिहिलं, मग ते खोडलं, मग खोडलेल्यावर पुन्हा लिहिलं.

बाईंनी लिहायचं ते लिहिलंच, त्यातला एक शब्द गाळला नाही. फिटरने उलटी अंगठी घातली आणि खोटी मोजणी दिली. फिटरने स्वतः ती सांगितली. ह्यापुढे नळी तो बसवेल आणि फुंकायला सोबत दुसरी व्यक्ती असेल. मोठ्या साहेबांनी कागद परत पाठवला: दुसऱ्या व्यक्तीची पात्रता काय? बाईंनी तिथे लिहिलं, "सतरा आकडे." साहेबांना काय समजलं कोण जाणे, पण सही झाली. उरलेल्या नऊ इमारतींवर चौघेजण गेले, कारण आक्का दाजींना रजा घ्यायला लावायची. शिडी दुसऱ्या कुणी धरलेली तिला चालत नसे. प्रत्येक गच्चीवर चौघे जेवले, प्रत्येक जिन्यात आक्काची कुणाशी ना कुणाशी ओळख झाली, आणि एकाही नळीत टेकडी आली नाही.

आक्का त्यानंतर चौथ्या वर्षी, फेब्रुवारीच्या अकरा तारखेला, गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास वारली. सहासष्ट वर्षांची होती. दाजी आणि फिटर दोघेही जवळ होते.